कोणती पार्टी?

वह्या समोर ठेवल्यात. उघडू नका अजून. आधी ऐका.

दहा वाक्यं दिली होती. दहाही वाक्यांत इंग्रजीतला एकच शब्द होता, पार्टी. आणि दहाही ठिकाणी त्याचं काम वेगळं होतं. मराठीत भाषांतर करून आणा म्हटलं. आठवडा दिला. चौदा वह्या आल्या, आणि त्यातल्या अकरा वह्यांत दहापैकी नऊ वाक्यांत 'पार्टी' लिहिलंय. जिथे जमेल तिथे 'पार्टी', जिथे जमणार नाही तिथेही 'पार्टी'. एका महाशयांनी तर खाली लिहिलंय, 'सोपं होतं.' तू ऊठ. हो, तूच. काय सोपं होतं? इंग्रजी शब्द उचलून देवनागरीत ठेवला की भाषांतर झालं? मग मी अडतीस वर्षं खडू कशाला झिजवला? एक झेरॉक्सवाला बसवला असता इथे.

बस खाली. मान वर.

पहिलं वाक्य वाचते. 'न्यायालयात दोन्ही पार्ट्या हजर होत्या.' वाचून मला वाटलं, न्यायाधीशांनी केक कापला. तिसरं: 'शोध पार्टी डोंगरावर गेली.' म्हणजे हरवलेला माणूस राहिला बाजूला, हे लोक वर जाऊन कोंबडी शिजवतायत. सहावं: 'दोन घरांमध्ये पार्टीची भिंत आहे.' आठवं: 'वेडिंग पार्टीची कर्जत लोकल चुकली.' अरे, लग्नाला निघालेल्या माणसांच्या घोळक्याला आपल्याकडे वऱ्हाड म्हणतात! तुमच्या प्रत्येकाच्या घरात निदान एक तरी लग्न झालंय ना? मग वऱ्हाड हा शब्द काय मांडवातच विसरून आलात? नववं, हॉटेलातलं. 'चौघांची पार्टी टेबलासाठी थांबली.' चौघं थांबले, बास. इंग्रजीला तिथे एक नाम लागतं म्हणून मराठीलाही लागलंच पाहिजे, असं कोणी सांगितलं?

आणि सातवं. ह्या निर्णयात त्याचा काही भाग नव्हता, तो त्यात सामील नव्हता, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. चौदापैकी बारा जणांनी काय लिहिलंय? 'तो पार्टीत नव्हता.' हे वाक्य लक्षात ठेवा. ह्याच्याकडे मी परत येणार आहे.

हात कशाला वर केलास? बोल. 'बाई, मराठीतही पार्टीच म्हणतात.' शाब्बास. निदान एकाने तोंड उघडलं. म्हणतात, नक्की म्हणतात. मी काही सोवळं नेसून बसलेली नाही. मेजवानी हा शब्द तुम्हाला अस्सल मराठी वाटतो ना? तो फारसीतून आला. मेजबान म्हणजे यजमान, त्याचं काम ती मेजबानी, आपल्या जिभेवर तिची मेजवानी झाली. परका शब्द घरात यायला माझी काही हरकत नाही. पण पाहुणा आला की तो कोण, कुठला, कशासाठी आलाय एवढं विचाराल की नाही? तुम्ही दार उघडं टाकलंत आणि आत जाऊन झोपलात.

आता मराठीत पार्टी कशी म्हणतात ते ऐका, कारण तुम्ही रोज ऐकता आणि कानावर घेत नाही.

इथून उल्हासनगर किती लांब? एक स्टेशन. गजानन मार्केटमध्ये जा, फर्निचर बाजारात जा, कॅम्प पाचला जीन्सवाल्यांकडे जा. दुकानदार फोनवर काय बोलतो? 'पार्टी आलीय, नंतर बोलतो.' 'पार्टीचं पेमेंट अडकलंय.' 'पार्टी जुनी आहे, उधारी चालेल.' त्याची पार्टी म्हणजे माल घेणारा किंवा माल देणारा, व्यवहाराच्या पलीकडच्या बाजूला उभा असलेला माणूस. ती एकटी असते, बहुतेकदा घामाघूम असते आणि तिला जेवायला कोणी घालत नाही. आता तुमच्यातल्या ज्यांचं मूळ गाव सातारा, सांगली, नगरकडचं आहे, त्यांच्या आजीला विचारा. ती म्हणेल, 'गावात दोन पार्ट्या पडल्यात.' तिच्या पार्ट्या म्हणजे तट. एक सरपंचाचा, एक सरपंचाच्या विरोधातला. एकाने पार बांधला की दुसरा त्यावर बसत नाही. सोलापूर-पुण्याकडच्या कलाकेंद्रांत संगीतबारी चालते, तिथे एकेका नाचगाण्याच्या संचाला पार्टीच म्हणतात. अमुक बाईंची पार्टी, तमुक बाईंची पार्टी. ढोलकीच्या तमाशाचा मात्र फड असतो. आणि तुमची पार्टी, तिच्यात केक असतो, पिझ्झा असतो आणि कर्कश गाणी असतात.

आता क्रियापदांकडे बघा. इथे लिहून घ्या, पेन काढा. पार्ट्या *पडल्या*, म्हणजे तट पडले. पार्ट्या *आल्या*, म्हणजे गिऱ्हाइकं आली. पार्ट्या *झाल्या*, म्हणजे खाणंपिणं झालं. पार्टी *बदलली*, म्हणजे आमदार पलीकडे गेला. पार्टी *मागितली*, म्हणजे तुला नोकरी लागली, आता पैसे काढ. पार्टी *वस्ताद आहे*, म्हणजे माणूस बेरकी आहे. नाम एकच. अर्थ कोणी ठरवला? शेजारच्या क्रियापदाने. ज्या बाईने आयुष्यात शाळेचा उंबरा ओलांडला नाही तिला हे कळतं, ती 'पार्ट्या पडल्या' म्हणताना कधी चुकून 'पार्ट्या झाल्या' म्हणत नाही. तुम्ही अकरावीला आहात. तुमच्या भाषांतरात सगळ्या पार्ट्या नुसत्या 'होत्या'. होत्या, होत्या, होत्या. हा काय शब्द वापरला म्हणायचा? नुसता टाकलाय.

आणि त्या आजीने जे क्रियापद वापरलं ना, 'पडल्या', त्यात तिने नकळत त्या शब्दाचं मूळ पकडलंय. फूट पडते, भेग पडते, तट पडतात. फळ्यावर लिहिते. लॅटिनमध्ये पार्स म्हणजे भाग. त्यावरून विभागणे ह्या अर्थाचं क्रियापद, त्यावरून जुन्या फ्रेंचमध्ये पार्टी, म्हणजे भाग, वाटा, बाजू. तिथून इंग्रजीत. पार्ट, पार्टनर, पार्टिकल, पार्टिशन, अपार्टमेंट, सगळी ह्याच घरातली भावंडं. तुम्ही राहता ते अपार्टमेंट म्हणजे एका मोठ्या जागेचा वेगळा काढलेला तुकडा. आज आपण ज्याला माणसं जमणं म्हणतो, तो शब्द मुळात तोडण्याचा आहे. अख्ख्यातून एक भाग वेगळा झाला, त्या भागातली माणसं ती पार्टी. जमली खरी, पण कोणापासून तरी वेगळी होऊन जमली. जेवणाखाण्याचा अर्थ त्यावर पुष्कळ नंतर चढला.

पार्टिशन म्हटल्यावर एकानेही शेजारच्या गावाकडे बघितलं नाही. १९४७ ला फाळणी झाली. सिंधमधून घरंदारं सोडून आलेली माणसं कल्याणच्या लष्करी छावणीत, युद्धाच्या वेळच्या बराकींत आणून ठेवली. १९४९ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले आणि त्या कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. म्हणूनच तुम्ही अजून कॅम्प एक, कॅम्प चार म्हणता. पार्टिशनने आणून टाकलेल्या त्या माणसांची नातवंडं आज गल्ल्यावर बसून 'पार्टी आली, पार्टी गेली' म्हणतात. एकाच मुळाचे दोन शब्द. एकाने आजोबाचं घर गेलं, दुसऱ्यावर नातवाचं घर चालतं. तुम्ही तिथून जीन्स आणता, सहाशेची चारशेला मागता आणि परत येता. शब्द आणत नाही.

मराठीतही 'भाग' आहेच की. आणि तो काय काम करतो बघा. भाग घेणे. सहभागी होणे. भागीदार. भागही तुकडाच, पण तो *घेतला* की माणूस आत येतो. सहभागी म्हणजे ज्याचा सगळ्यांबरोबर वाटा आहे तो. सातव्या वाक्याला हा शब्द चालला असता. 'सहभाग' हा शब्द शाळेच्या प्रमाणपत्रावर दरवर्षी वाचता ना? 'सहभागाबद्दल प्रशस्तिपत्रक.' त्याला फ्रेम करता, पण वाचत नाही.

चला, एकेक घेते.

न्यायालयातली पार्टी म्हणजे पक्षकार. वादी हाही पक्षकार, प्रतिवादी हाही पक्षकार. दोघांनी 'अशील' लिहिलंय. जवळ गेलात, पण अशील हा वकिलाचा असतो. न्यायालयापुढे तो पक्षकार. अर्धा गुण दिलाय, डोळ्यांत पाणी आणू नका.

थर्ड पार्टी. ह्यावर तर मी कपाळाला हात लावला. तुमच्यापैकी सहा जणांच्या घरी दुचाकी आहे आणि तिच्या डिकीत विम्याचा कागद आहे. मोटार वाहन कायदा, १९८८. त्याखाली थर्ड पार्टी विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. पहिली पार्टी कोण? विमा घेणारा. दुसरी? विमा कंपनी. आणि तिसरी? तिसरी पार्टी म्हणजे विम्को नाक्यावर हातात पिशवी घेऊन रस्ता ओलांडणारी बाई, जिला तुमच्या ह्या करारातलं ओ का ठो माहीत नाही आणि जिला तुमची गाडी धडकू शकते. विमा तिच्यासाठी सक्तीचा आहे. तुमचं काय मोडलं त्याचं तुम्ही बघा, असं कायदा म्हणतो. तिचं मोडलं तर तिला मिळालंच पाहिजे. मराठीत ह्याला तृतीय पक्ष म्हणतात. पण आपला जुना शब्द ऐका, त्रयस्थ. जो तिसरा उभा आहे तो. कोणाच्या बाजूने नाही, कोणाच्या विरुद्ध नाही, तिसरीकडे उभा. ह्या वर्गात किती जणांना त्रयस्थ आठवला? एकीला. एकच मुलगी, आणि तिनेही तो लिहून खोडलाय, त्यावर 'थर्ड पार्टी' लिहिलंय. का गं? बाकीच्यांनी काय लिहिलंय ते बघून? दुसऱ्याच्या चुकीवर विश्वास आणि स्वतःच्या बरोबर उत्तरावर नाही! पुन्हा असं खोडलंस तर वही खिडकीबाहेर जाईल.

राजकीय पार्टी म्हणजे पक्ष, हे सगळ्यांना आलं. येणारच, निवडणुकीत तुमच्या गल्लीत दुसरं काही ऐकू येत नाही. पण पक्ष म्हणजे काय? पक्ष म्हणजे पंख. ज्याला पक्ष असतात तो पक्षी. पक्ष म्हणजे बाजू. महिन्याचे दोन पक्ष, शुक्ल आणि कृष्ण. पितृपक्षाला तुम्ही उद्या फादर्स पार्टी म्हणाल, माझी तयारी आहे. पार्टीचं मूळ भाग, पक्षाचं मूळ बाजू. दोन भाषा एकमेकींना न विचारता एकाच ठिकाणी पोचल्या, हे तुम्हाला गमतीचं वाटत नाही? मला वाटतं. पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी रात्रभर... जाऊ दे, तुम्हाला काय त्याचं.

आणि हा शब्दांचा खेळ नुसता शब्दांचा नसतो बरं. तुमच्या महाराष्ट्राचं सरकार कायदेशीर की बेकायदेशीर हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा पार्टी म्हणजे नक्की कोण, हेच तिथे सोडवायचं होतं. १९८५ साली पक्षांतरबंदीसाठी घटनेला दहावी अनुसूची जोडली. तिच्यात दोन वेगळे शब्द आहेत: राजकीय पक्ष आणि विधिमंडळ पक्ष. निवडून आलेले आमदार म्हणजे विधिमंडळ पक्ष. त्यांना तिकीट देणारी, गावोगाव शाखा असलेली अख्खी संघटना म्हणजे राजकीय पक्ष. आमदारांतले बरेच जण एकीकडे गेले, तर पार्टी त्यांच्याबरोबर गेली का? ११ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने शिवसेनेच्या प्रकरणात सांगितलं की सभागृहातला प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा आहे, विधिमंडळ पक्षाचा नाही. बाकी राजकारण तुम्ही घरी जाऊन टीव्हीवर बघा, मला त्यात पडायचं नाही. मी इंग्रजीची बाई. मी एवढंच बघते की 'पार्टी' ह्या शब्दाच्या मागे कोणतं विशेषण आहे, ह्याचा काथ्याकूट देशातली मोठमोठी माणसं महिनोन्महिने करत बसली. आणि तुम्ही लिहिता, 'सोपं होतं.'

सर्च पार्टी. शोधपथक. पथक हा शब्द तुम्हाला कसा आठवला नाही, ह्याचं मला खरंच आश्चर्य वाटतं. २७ जुलै २०१९. तुम्ही तेव्हा लहान होतात, पण अगदी तान्हे नव्हतात. उल्हास नदी फुगली आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात उभी राहिली. हजाराहून जास्त माणसं डब्यांत, खाली चहूकडे गढूळ पाणी. एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदलाचे पाणबुडे आले, आकाशात हेलिकॉप्टर. सगळे उतारू सुखरूप निघाले. दिवसभर आपल्या सगळ्यांच्या घरात टीव्ही चालू होता आणि टीव्हीवरचा प्रत्येक माणूस 'पथक' म्हणत होता. बचाव पथक, पाणबुड्यांचं पथक, वैद्यकीय पथक. दोन स्टेशनं पुढे घडलेली गोष्ट. तेव्हा 'बचाव पार्टी' कोणी म्हटलं असतं, तर गाडीतल्या माणसांनी होडीत बसायला नकार दिला असता.

पार्टी वॉल म्हणजे सामाईक भिंत, तिच्यावर वेळ घालवत नाही. चाळीत राहिलेल्या माणसाला ती डोळे मिटून कळते. शेजाऱ्याची फोडणी, शेजाऱ्याचं भांडण आणि शेजाऱ्याचा खोकला जिच्यातून येतो ती.

आता पाचवं. बोस्टन टी पार्टी. इतिहासाचं पुस्तक उघडलं असतंत तरी वाचला असतात. 'बोस्टन येथील चहाची पार्टी' असं तेरा जणांनी, आणि एका विद्वानाने 'बोस्टनचं चहापान'. अरे, तिथे कोणी घोटभरही चहा प्यायलं नाही! १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या बोस्टनच्या बंदरात पाण्यात फेकून दिल्या, इंग्लंडने लादलेल्या कराच्या रागाने. टी पार्टी हे नाव त्या प्रकाराला पुष्कळ वर्षांनी, थट्टेथट्टेत चिकटलं. ते विशेषनाम आहे, तसंच ठेवायचं आणि खाली टीप द्यायची. जिथे 'पार्टी' ठेवायला हवी होती अशी अख्ख्या प्रश्नपत्रिकेत एक जागा होती, आणि नेमकं तिथेच ह्याने भाषांतर केलं.

पण 'चहापान' लिहिणाऱ्यावर मी फार रागावले नाही, कारण चहापान हा शब्द आपल्याकडे काही साधा नाही. विधिमंडळाच्या अधिवेशनाच्या आदल्या दिवशी सरकार विरोधकांना चहापानाला बोलावतं आणि विरोधक बहुतेक वेळा त्यावर बहिष्कार टाकतात. कप भरतात, निवतात, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्या न प्यायलेल्या चहाचीच बातमी असते. पण त्याहून मोठं चहापान पुण्यात १८९० साली झालं. पंच हौद मिशनमध्ये. ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे जमलेल्या शिष्ट मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, ह्यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली. झालं! शहरात ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. घेतलेल्या चहाबद्दल प्रायश्चित्त घ्यायचं की नाही, ह्यावर घराघरांत वाद. टिळकांनीही प्रायश्चित्त घेतलं, रानड्यांनीही घेतलं, आणि रानड्यांनी घेतलं म्हणून सुधारकांनी त्यांना बोल लावले. एक कप चहा! माणसं जमली काही वेळ, आणि पुण्यात पार्ट्या *पडल्या* दोन वर्षं. आता ते क्रियापद कसं बसलं बघा.

एकत्र खाणं ही गोष्टच अशी असते, बाबांनो. कोण कोणाच्या शेजारी बसतं, कोण वाढतं, कोण उंबऱ्याबाहेर थांबतं. समतानंद गद्रे, म्हणजे अनंत हरी गद्रे, ह्यांनी झुणका-भाकरीचे सत्यनारायण सुरू केले. पूजेला दलित जोडपं बसायचं आणि प्रसाद म्हणून सगळ्या जातींनी एका पंगतीत झुणका-भाकर खायची. ह्याला त्या काळात सहभोजन म्हणत. आता हा शब्द काढून 'पार्टी' घालून बघा. गेलं ना सगळं? सहभोजनातला 'सह' गेला, मग राहिलं काय? नुसता झुणका.

आपल्याकडे जेवणाचा प्रत्येक शब्द सांगतो की जेवण कशाचं आहे. लग्नाआधी नातेवाइकांनी घातलं तर केळवण. काशीयात्रा करून आल्यावर घातलं तर मावंदं. उपास सोडला तर पारणं. पहिलटकरणीचं डोहाळजेवण. देवळात सगळ्यांसाठी असेल तर भंडारा. थंडीत शेतावर हुरडा. इथून खाली कर्जत-पनवेलच्या बाजूला वालाच्या शेंगा मडक्यात भरून, भांबुर्ड्याचा पाला घालून, उलटं मडकं पेटवलं तर ती पोपटी. शब्द ऐकल्याबरोबर माणसाला कळतं, कोणी बोलावलंय, का बोलावलंय, काय नेसून जायचं, हात हलवत जायचं की काही घेऊन जायचं. 'पार्टी आहे' म्हटलं की ह्यातलं काहीच सांगावं लागत नाही. तुम्हाला तो शब्द आवडतो तो त्यामुळेच. केळवण परत आलंय म्हणा, फुलांनी नावं लिहून, पाटाभोवती रांगोळी काढून, फोटोसाठी का होईना. मी फोटोला नावं ठेवत नाही. शब्द तरी तोंडात आला.

आता दहावं वाक्य. वाढदिवसाची पार्टी. तिथे पार्टी चालते. लिहा खुशाल. तो अर्थ मराठीने पचवलाय. ते बोस्टनचं विशेषनाम सोडलं, तर दहात एक.

झालं भाषांतर. पण कानउघाडणी झाली नाही अजून. पेनं ठेवा खाली.

ह्या चौदा वह्यांपैकी एका वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक यादी आहे. कोणाची वही ते सांगणार नाही. वर लिहिलंय 'पार्टी', तारीख आहे, पुढच्या शनिवारची, एका हॉटेलचं नाव आहे आणि पुढे 'प्रत्येकी ३५०'. खाली नावं. बारा. वर्गात किती जण आहेत? दोन नावं आधी लिहिलेली दिसतात, मग त्यांवर रेघ मारली आहे. एकदा नाही, दोनदा, रबर नव्हतं बहुतेक. कोण दोघं ते मी बोलणार नाही आणि तुमच्यापैकी एकानेही मान वळवायची नाही. मान वळली की मला दिसेल.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही विचारलं होतं. विचारलं असेल. ते म्हणाले असतील, 'आम्हाला त्या दिवशी काम आहे.' आणि तुम्ही ते खरं मानलंत, कारण खरं मानणं सोपं होतं. तो 'सोपं' शब्द मी आज पुन्हा वाचतेय तुमच्या वहीत. साडेतीनशे रुपये म्हणजे कोणाच्या घरी काय असतं ह्याचा हिशोब एकानेही केला नाही. शनिवारी दुपारनंतर कोण कुठे कामाला जातं, हे तुम्हाला माहीत आहे. रोज एका बाकावर बसता. हॉटेल ठरवताना त्यांना विचारलंत? तारीख ठरवताना? रक्कम ठरवताना? ठरवून झाल्यावर विचारलंत, येतोस का.

सातवं वाक्य आठवलं? 'तो पार्टीत नव्हता.' बारा जणांनी लिहिलंय. मी लाल पेनने बारा वेळा खोडलं, आणि नंतर ती यादी बघितली. इंग्रजीत त्याचा अर्थ, ठरवण्यात त्याचा भाग नव्हता. तुम्ही चुकीचं लिहून बरोबर सांगितलंत. त्या शब्दाचं लॅटिन मूळ मी तुम्हाला फळ्यावर लिहून दिलं, पण तुम्ही ते शनिवारसाठी आधीच गिरवून ठेवलं होतंत.

रडू नकोस. ज्याची वही आहे त्याने एकट्याने रडायचं कारण नाही. रेघ पेन्सिलीने त्याने मारली, पण यादी बारा जणांनी केली.

शनिवारचं हॉटेल रद्द. फोन मी करत नाही, तुम्ही करा, आगाऊ पैसे दिले असतील तर परत मागा. दिले नाहीत तर तुमचं नशीब. शनिवारी ह्या खोलीत, माझ्याकडे. संध्याकाळी नाही, सकाळी अकराला. का, ते विचारू नका. प्रत्येकाने आपल्या घरचा डबा आणायचा. घरी जे रोज होतं तेच. कोणी पनीर आणणार नाही, कोणी पिझ्झा मागवणार नाही, आईला जास्तीचं काही करायला लावणार नाही. भाजी-पोळी असेल तर भाजी-पोळी, कालचा भात फोडणीला घातलेला असेल तर तो. बाक भिंतीला लावायचे, खाली सतरंजी घालायची, गोल बसायचं. डबे उघडून मधे ठेवायचे. कोणाचा डबा कोणाचा हे दोन मिनिटांत कळेनासं झालं पाहिजे. मी तुमच्याएवढी होते तेव्हा आम्ही शाळेच्या व्हरांड्यात रोज हेच करत होतो, आणि वडलांच्या कारखान्याच्या पगाराचा दिवस जवळ आला की माझ्या डब्यात काय असायचं ते मी सांगणार नाही. ह्याला मराठीत एक शब्द आहे. अंगतपंगत. दुसरीतल्या पोरालाही माहीत असतो. त्यात यजमान नसतो, वर्गणी नसते आणि यादीही नसते.

लोणचं मी देते.

आता वह्या उघडा. सातव्या वाक्यापासून सुरुवात करा.